युकुलेलीच्या तारा आणि डोमाजींचे दात

बोरी अरबच्या भीमगीत गायन पार्टीत डोमाजी अडतीस वर्षं तुणतुणं वाजवत आले, आणि त्यातली निदान वीस वर्षं ते वाजवण्याआधी चावत आले.

म्हणजे असं. तुणतुण्याला एकच तार. खाली डबा, डब्याला चामडं, बाजूला बांबूची दांडी, दांडीच्या टोकाशी खुंटी. पेटीवाला स्वर धरतो आणि तुणतुणेवाला खुंटी पिळून तार त्या स्वराला आणतो. हे काम बाकीचं जग कान लावून करतं. डोमाजी दांडीचं टोक समोरच्या दोन दातांत धरत, डोळे मिटत, खुंटी पिळत, दांडी तोंडातून काढत आणि मान हलवत. मान हलली की गाणं सुरू.

लोकांना हे फार आवडलं. आजूबाजूच्या गावांतल्या तीन पार्ट्यांचे तुणतुणेवाले तसंच करू लागले. त्यांतल्या एकानं आपल्या शिष्याला सांगून ठेवलं होतं की दात न लावता जुळवलेलं तुणतुणं पहिल्याच कडव्यात उतरतं. त्या शिष्याचे पुढचे दात आधीच पडलेले होते, त्यामुळे त्यानं झांज घेतली. पुढे चांगला वाजवायला लागला.

डोमाजींना कोणी विचारलं की ही रीत कुठून आली, तर ते म्हणत, "जुनी आहे." यात खोटं काही नव्हतं. ती वीस वर्षं जुनी होती. डोमाजींना ऐकू येईनासं झालं तेव्हापासूनची.

दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये डोमाजी सत्तावीस वर्षं फिटर होते. कापसाच्या हंगामात चोवीस मशीन एका लायनीत चालायच्या, सकाळी सुरू झाल्या की रात्रपाळी सुटेपर्यंत. त्या आवाजात माणूस माणसाशी बोलत नसे, हात दाखवत असे. मशीनचा आजार ओळखायची तिथली एक पद्धत होती. लांब पेचकसाचं लोखंडी टोक बेअरिंगवर ठेवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. बाहेर कितीही गदारोळ असो, आतला आवाज सरळ डोक्यात येतो. डोमाजी अशा पद्धतीनं चोवीस मशीनमधून आजारी मशीन काढून द्यायचे, आणि कोणतं बेअरिंग किती दिवस टिकेल तेही सांगायचे. पुढे जिन बंद पडला. मशीन भंगारात गेल्या. डोमाजींचे कान त्यांच्याआधीच गेले होते, पण त्याची नोंद कुठं झाली नाही.

माणूस समोर असला आणि उजेड असला की डोमाजींचं काम भागत असे. ओठ दिसायचे. उत्तर द्यायला ते थोडा वेळ लावत, म्हणून गावात ते विचार करून बोलणारे समजले जात. बौद्ध पंच कमिटीनं त्यांना दोनदा सल्लागार नेमलं होतं. पार्टीत ते पेटीच्या डाव्या बाजूला बसत आणि डावा तळहात पेटीवर टेकवत. स्वर हातातून वर यायचा, तार दातांतून यायची, दोन्ही कुठंतरी डोक्यात भेटायचे. भेटले की मान हलायची.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. सत्यभामाबाईंनीही आपल्याला माहीत आहे असं त्यांना कधी सांगितलं नाही. दोघांचा अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार होता आणि त्यात असे बरेच विषय होते.

घोटाळा झाला तो फेब्रुवारीत, दारव्ह्याच्या कार्यक्रमात. त्या दिवशी डोमाजींची हिरडी सुजली होती. समोरच्या दातांना वाराही लागू देववत नव्हता, दांडी कुठली लावतात. त्यांनी खुंटी अंदाजानं पिळली आणि नेहमीसारखी मान हलवली. पार्टी काळी दोनच्या पट्टीत गात होती आणि तुणतुणं शेवटपर्यंत तिच्या अर्धा सूर वर वाजत होतं. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. त्यांनी दोन गाणी परत म्हणायला लावली. पण धम्मरत्नला कळलं.

धम्मरत्न म्हणजे डोमाजींचा सख्खा भाचा आणि पार्टीचा मुख्य गायक. गावात त्याचं जनरल स्टोअर होतं. नऊ वर्षांचा असताना मामाच्या मांडीला मांडी लावून तो पार्टीत बसायला शिकला होता. त्यामुळे तो मामाला काही बोलला नाही. मामीला बोलला, दुकानात ती तेल घ्यायला आली तेव्हा.

"मामी, एक विचारू का? मामाजीले आयकू येते ना बराबर?"

"मी बोलते ते तं येत नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पन ते कोनत्याच नवऱ्याले येत नाई."

"मजाक नोका करू. बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम हाय आपल्याच विहारात. आता मोबाईलमध्ये तंबोरा येते. एकडाव लावून देला का रातभर एका सुरात चालते. मी म्हनतो मामाजीचं वय झालं, त्याहीले समोर खुर्चीवर बसवू. शाल देऊ."

सत्यभामाबाईंनी तेल घेतलं आणि घरी येऊन नवऱ्यासमोर उजेडात उभ्या राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं. डोमाजींनी नेहमीसारखा वेळ लावला.

"शाल हाय माह्याकडे," ते म्हणाले.

एवढंच बोलले. पण त्या दिवशी ते दुपारी झोपले नाहीत. तुणतुणं गेलं तरी डोमाजींना बोरीत बसायला जागा कमी नव्हती. विहाराचा ओटा होता, पारावरचा बाक होता. पण तुणतुण्यामागची जागा ही अशी एकच होती की जिथं शंभर माणसं त्यांच्या मानेची वाट पाहत.

त्यात दातांचं आणखी. गावात दातांचं शिबिर आलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं समोरचे दोन्ही दात हलवून पाहिले होते आणि म्हणाली होती, काढून टाका बाबा, हे आता पाहुणे आहेत. डोमाजी खुर्चीतून उठले आणि घरी आले. तेव्हापासून ते भाकर वरणात भिजवून दाढांकडून खात. आंबा चाकूनं कापून खात. समोरचे दात त्यांनी फक्त पार्टीसाठी राखून ठेवले होते.

कार्यक्रमाला बारा दिवस राहिले तेव्हा दीपा आली. दीपा ही त्यांची नात. तिचा बाप, म्हणजे डोमाजींचा मुलगा, वणीला कोळसा खाणीत होता. दीपा यवतमाळात होस्टेलवर राहून बीएस्सी शिकत होती. धम्मरत्ननं तिला एका नव्या गाण्यात साथीला घेतलं होतं, कारण तिच्याकडे एक वाद्य होतं आणि ते मोबाईलमध्ये धम्मरत्ननं पाहिलं होतं. सुटकेसमधून तिनं ते काढलं तेव्हा सत्यभामाबाई म्हणाल्या, "हे तं गिटारीचं पिल्लू दिसते."

"युकुलेली म्हनते याले, आजी. मैत्रिणीकडून जुनी घेतली."

चार तारा होत्या. डोमाजींनी एकेका तारेवर अंगठा फिरवला. तीन तारा ठीक होत्या. चौथी, सगळ्यात वरची, तिथं जाड तार आणि खर्ज असायला हवा होता, तर दीपानं वाजवून दाखवत सांगितलं की ही उंच सुराची असते.

"काहून?"

"याची रीतच तशी हाय, आबा."

डोमाजींनी विचार केला. "घरातला मोठा पोरगा सगळ्याइत बारीक बोलते. असते एखाद्या घरी."

दीपाची तक्रार अशी होती की युकुलेलीचा आवाज बसका येतो. मैत्रिणी म्हणाल्या, तारा बदल. पण कोणत्या तारा, यावर त्यांची तोंडं तीन दिशांना होती. म्हणून तिनं तीन पुड्या मागवून घेतल्या होत्या. एक पांढऱ्या पारदर्शक नायलॉनची. दुसरी कार्बनची, नायलॉनहून बारीक आणि कडक. तिसरी गुलाबी, ती कशाची ते पुडीवरही नीट लिहिलेलं नव्हतं. आणि मूळच्या काळ्या तारा होत्याच. आता चारींत कोणती चांगली हे ठरवायचं होतं, आणि हे काम आबांच्या कानावर सोपवायचं असं तिनं होस्टेलमध्येच ठरवलं होतं.

"तुमच्या इतका कान कोनाचा हाय," ती म्हणाली.

सत्यभामाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

डोमाजी म्हणाले, "मी तारा अशा चारचौघात आयकत नसतो. एकट्यानं आयकाव लागते. वाद्य माह्यापाशी दे, मी सांगतो तुले."

तर तसा आठवडा सुरू झाला. नवी तार घातली की ती दोन दिवस ताण खाते, म्हणजे जुळवली की उतरते, परत जुळवली की परत उतरते. त्यात वैशाखाचं ऊन. म्हणून एकेका पुडीला दोन दिवस दिले. दीपा सकाळी घरापुढच्या टिनाच्या छपरीत बसून तारा ओढून ओढून त्यांचा आळस काढायची, जुळवायची, एकच गत वाजवून मोबाईलमध्ये भरून ठेवायची, आणि मग युकुलेली आबांच्या हवाली करायची. डोमाजी ती घेऊन मागच्या अंगणात शेवग्याखाली जात. इकडंतिकडं पाहत. मग युकुलेलीचं डोकं, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, हलकेच दातांत धरत आणि एकेक तार छेडत.

आत येऊन ते निकाल देत, आणि दीपा वहीत लिहून घेई.

काळ्या तारांबद्दल ते म्हणाले, "ह्या बारातीतल्या बिनओळखीच्या मानसावानी हायेत. येते, जेवते, जाते. कोन होता ते आठवत नाई."

नायलॉनबद्दल म्हणाले, "हिचा आवाज गोल हाय. चिखलाचा गोळा भितीवर मारला का कसा, थप लागते अन् तथीच राह्यते. पुढे जात नाई."

"मंग ते चांगलं का वाईट?"

"ते सांगीन मी शेवटी."

कार्बनला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. "ही काचेची गोटी. फरशीवर सोडली का घरंगळतच जाते. मी धा मोजले तरी हिचं चालूच. आवाज पक्का हाय, पन थांबाचं नाव नाई."

गुलाबी पुडीतल्या चौथ्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळलेली होती. ती मात्र खालच्या सुराची होती. डोमाजींना पंपाच्या मोटरीची वाइंडिंग आठवली आणि ते खूश झाले. "हा मोठा पोरगा सुधरला," ते म्हणाले. "पन बोट सरकवलं का चू चू करते. नवी चप्पल घालून विहारात आल्यावानी."

दीपा म्हणाली की असं कोणी वर्णन करून सांगत नाही, यूट्यूबवरसुद्धा नाही. यूट्यूबवर कोण काय सांगतं ते डोमाजींना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मान हलवली.

पण एक गोष्ट त्यांनी वहीत लिहू दिली नाही. चारही तारांच्या मागं, सूर संपता संपता, एक बारीक खरखर येत होती. काळीला होती, नायलॉनला होती, कार्बनला जास्तच होती. तुणतुण्याला ती नव्हती, पण तुणतुणं त्यांनी फेब्रुवारीनंतर भीतीनं फारसं दातात धरलंच नव्हतं. डोमाजींनी जिनमधल्या हिशोबानं विचार केला. चार बेअरिंग बदलली आणि आवाज तोच राहिला, तर दोष बेअरिंगचा नाही, ऐकणाऱ्या पेचकसाचा. म्हणजे दात. दात मुळापासून सुटला आणि आता तो स्वतःच वाजायला लागला. हा हिशोब त्यांना इतका पटला की त्या रात्री त्यांनी वरणभातही दाढेकडून खाल्ला.

इकडं दीपाला युकुलेलीच्या डोक्यावर बारीक खुणा दिसल्या. वार्निश दोन ठिकाणी उडालं होतं.

"आजी, घरात उंदीर हाय काय?"

सत्यभामाबाईंनी खुणा पाहिल्या. एक वर, एक खाली, मध्ये बोटभर जागा. "हाय ना," त्या म्हणाल्या, "मोठा हाय." आणि माळ्यावरून पिंजरा काढून त्यांनी तो छपरीत युकुलेलीशेजारी लावला. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला, वरणात भिजवलेला. डोमाजींनी तो तुकडा पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. ती झाडत होती.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा पार्टी डोमाजींच्या अंगणात रियाजाला बसली. ऊन उतरलं होतं पण उजेड होता. धम्मरत्न पेटी घेऊन आला. बाजूच्या तांड्यावरचा धनसिंग ढोलकी घेऊन आला. तो बंजारा, पण लहानपणापासून ढोलकी याच पार्टीत वाजवत आलेला. दीपानं सगळ्यांना तारांची हकीकत सांगितली आणि वही दाखवली. धम्मरत्ननं ती नीट वाचली.

"छान हाय," तो म्हणाला. "पन मामाजीनं तारा पाहून सांगितलं. रंगानं मानूस फसते. आपन असं करू. दीपा, तुह्यापाशी चारीचा आवाज मोबाईलमध्ये भरलेला हाय ना? मामाजी आतल्या खोलीत बसतीन, भितीकडे तोंड करून. आपन इथून स्पीकरवर लावू. त्याहीनं फक्त सांगाचं, कोनती तार."

दीपाला ही कल्पना फार शास्त्रीय वाटली. कॉलेजमध्ये प्रयोग असेच करतात, ती म्हणाली. धम्मरत्नच्या मनात काय होतं ते तिला माहीत नव्हतं. धनसिंगला माहीत होतं. तो म्हणाला, "राहू दे ना बे, धम्मा. उशीर होऊन राह्यला. गानं घेऊ."

"पाच मिनिटाचं काम हाय."

डोमाजींनी धम्मरत्नचे ओठ वाचले होते. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की तेच उत्तर झालं असतं. ते उठले, आत गेले आणि धान्याच्या कोठीकडे तोंड करून पाटावर बसले. समोर पत्र्याची कोठी, मागं अंगण, आणि मधल्या हवेत डोमाजींच्या उपयोगाचं काही नव्हतं.

दीपानं आधी काळ्या तारांचं वाजवलं. डोमाजींना काही कळलं नाही, पण ती मुलगी शिस्तीची होती आणि ज्या क्रमानं तारा घातल्या त्याच क्रमानं लावणार हे त्यांनी धरलं. दमानं पंधरा मोजले आणि म्हणाले, "काळ्या."

"बराबर," दीपा आत येऊन त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली. डोमाजींनी परत पंधरा, वर दहा मोजले. "हे नायलॉन. गोल हाय."

तेही बरोबर आलं. अंगणात कोणीतरी वा म्हटलं. तेवढ्यात धम्मरत्ननं दीपाच्या हातातून मोबाईल घेतला, आणि काहीच लावलं नाही. नुसता धरून बसला. मागच्या शेवग्यावर एक कावळा होता, तोही गप्प होता.

आतून डोमाजींचा आवाज आला, "हे कार्बन. पाहा ना कसं लांब टिकून राह्यलं."

धनसिंगनं ढोलकीची दोरी उगाच ओढली. दीपा मोबाईलकडे पाहत राहिली, मग धम्मरत्नकडे, मग आतल्या अंधाराकडे. थोड्या वेळानं डोमाजी पुन्हा म्हणाले, "अजूनही चालूच हाय."

धम्मरत्न आत गेला. मामासमोर कोठीला पाठ लावून बसला, तोंडावर दारातला उजेड येईल असा.

"मामाजी, मी काही लावलंच नाई."

डोमाजींनी वेळ घेतला. या वेळी खरोखर विचार करायला.

"किती वर्सापासून?" धम्मरत्ननं विचारलं.

"जिन बंद व्हाच्या आधीपासून."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू इचारलं नाई."

"अन् तुनतुनं कसं जुळवता मंग?"

डोमाजींनी समोरचे दात दाखवले. धम्मरत्नला वाटलं मामा हसताहेत. समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याला स्वतःच्याच पार्टीचा इतिहास पहिल्यापासून परत लावावा लागला.

धनसिंग दारात येऊन उभा होता. "मले मालूम होतं," तो म्हणाला. "दाताचं नाई. कानाचं. काका ठेका माह्या गुडघ्यावर पाह्यते. म्हनून तं मी बारा वर्सापासून गुडघा एवढा हालवतो. माही बायको म्हनते तुमाले वात आला."

"तुमी सारेच लेकाचे," धम्मरत्न म्हणाला.

"दारव्ह्याले दात सुजला होता," डोमाजी म्हणाले. "म्हनून ते तसं झालं. पन आता तू म्हनतो ते बराबर हाय. दात गेला. गेल्या आठ दिवसापासून प्रत्येक तारेमागे वाजून राह्यला. मोबाईल लाव तू. मी बसतो खुर्चीवर."

हे त्यांनी इतकं साधं सांगितलं की कोणालाच खुर्चीचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. सगळे अंगणात आले. काहीतरी करायचं म्हणून धनसिंग ढोलकी वाजवायला लागला, जरा मोठ्यानंच. काहीतरी करायचं म्हणून दीपा युकुलेली जुळवायला बसली. तिनं खिशातून एक चिमटा काढला, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा, वर छोटा पडदा असलेला, आणि तो युकुलेलीच्या डोक्याला लावला. तार छेडली की पडद्यावर सुई हलायची.

डोमाजी समोरच बसले होते. ते पाहत राहिले. त्यांनी ढोलकीकडे बोट दाखवलं.

"एवढ्या आवाजात याले आयकू कसं येते?"

"आयकतच नाई हे, आबा. बाहेरचा आवाज याले समजत नाई. लाकूड चिमटीत धरते अन् लाकूड किती हालते ते मोजते."

धनसिंगनं ढोलकी थांबवली. डोमाजींनी दीपाला ते परत म्हणायला लावलं, सावकाश. मग चिमटा काढून हातात घेतला. त्याला दोन जबडे होते, आत रबर. त्यांनी तो उघडला, मिटला. दुकानात चष्मा घालून पाहतात तसं त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दात हायेत याले," ते म्हणाले. "अन् मशीन विकनारे हे लपवत नाई." मग म्हणाले, "याले खरखर लागते काय?"

"म्हंजे?"

"सूर संपता संपता. सुई गपचिप राह्यते, का काही करते?"

दीपा म्हणाली की तेच तर. सुई शेवटी थरथरते, थांबतच नाही. पहिल्या दिवसापासून. तिला वाटलं चिमटाच खराब आहे, म्हणून ती नवा मागवणार होती.

डोमाजींनी या वेळी वेळ लावला नाही. "आन इकडे," ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर, उजेडात, युकुलेलीचं डोकं दातांत धरलं. तार छेडली. मग डाव्या हाताची बोटं लाकडावर एकेका जागी दाबत गेले, जिनमध्ये मशीनच्या अंगावर दाबत तशी. खालच्या बाजूला, जिथं तारा बांधलेल्या असतात त्या घोडीवर, मागच्या कोपऱ्यात अंगठा दाबला आणि परत तार छेडली. मग अंगठा काढला आणि छेडली. दाबला, छेडली.

त्यांनी युकुलेली तोंडातून काढली.

"घोडीचा मागचा पाय उचलला हाय. डिंक सुटला. कागद घाल."

दीपानं नायलॉनची रिकामी पुडी फाडली आणि तिचा कोपरा घोडीखाली सरकवला. कागद आत गेला. अर्ध्या बोटाइतका गेला.

"चारी तारा चांगल्या हायेत," डोमाजी म्हणाले. "बसका आवाज तारेचा नाई, लाकडाचा हाय. तू जलमभर तारा बदलत बसली असती." मग ते धम्मरत्नकडे वळले. "दात चांगला हाय माहा."

सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. "मंग तो पिंजरा उचलू काय?" त्यांनी विचारलं. कोणालाच कळलं नाही. डोमाजींना कळलं.

धनसिंगनं सुताराकडून डिंक आणला. घोडी चिकटवून तिच्यावर वरवंटा ठेवला आणि तो हलू नये म्हणून दोन बाजूंनी विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वरवंटा काढला तर खरखर गेली होती, आणि तारांची तुलना पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, कारण आता आवाजच वेगळा होता. या वेळी डोमाजींनी शेवगा गाठला नाही. छपरीत बसूनच दात लावले. दीपानं युकुलेलीच्या डोक्याला रुमाल गुंडाळून दिला, वार्निशसाठी.

नायलॉन गोलच राहिली, पण आता थोडी पुढं जात होती. कार्बन मात्र सुटलीच. छेडली की छपरीच्या टिनापर्यंत जाऊन परत यायची. दीपाला कार्बन आवडली. धनसिंगलाही आवडली. गुलाबीला कोणी विचारलं नाही.

"कार्बनच ना, आबा?" दीपानं विचारलं. धम्मरत्न दुकान बंद करून मुद्दाम आला होता, कोपऱ्यात बसून होता.

"एकटी वाजवाची असनं तं कार्बन," डोमाजी म्हणाले. "पन तू साथीले बसनार हायेस. गानारा ओळ संपवते, श्वास घेते, अन् त्या जागेत लोकाइच्या मनात ओळ बसते. तथी ही गोटी घरंगळत राह्यली तं ती धम्माच्या श्वासावर चालते. नायलॉन बोलते अन् बाजूले होते. साथीनं बाजूले व्हाव लागते."

धम्मरत्ननं हे ऐकलं आणि खाली पाहिलं. गेली काही वर्षं तो पेटीवाल्याला हेच सांगत होता आणि पेटीवाल्याच्या ध्यानात येत नव्हतं. पेटीवाला तो स्वतःच होता.

"नायलॉन लाव," तो दीपाला म्हणाला. मग मामासमोर येऊन उजेडात उभा राहिला. "मामाजी, मोबाईलचा तंबोरा राहू द्या. तो बाजूले होतच नाई. पन पौर्णिमा झाली का यवतमाळले जाऊ, कान दाखवू. मशीन बसवते आता बारीक."

"कान दाखव," डोमाजी म्हणाले. "दात दाखवाचे नाई."

पौर्णिमेच्या दिवशी सायंकाळी विहाराच्या अंगणात सतरंज्या टाकल्या. वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि पार्टी बसली. दीपा शेवटच्या जागेवर नायलॉनच्या तारा घेऊन. धनसिंगनं ढोलकी मांडीखाली घेतली आणि गुडघा मोकळा ठेवला. डोमाजी पेटीच्या डाव्या बाजूला, तळहात पेटीवर. समोर दीडशे-दोनशे माणसं, बाया डाव्या हाताला, लहान पोरं अगदी पुढं.

धम्मरत्ननं पेटीवर काळी दोन धरली आणि माईककडे तोंड नेलं. एरवी मामाची मान हलेपर्यंत तो पेटीवर काहीतरी भरून काढत असे, दोनदा तर मान हलायच्या आधीच त्यानं गाणं उचललं होतं. आज त्यानं पेटी नुसती धरून ठेवली. डोमाजींनी दांडी दातांत घेतली, डोळे मिटले, खुंटी थोडी पिळली, दांडी बाहेर काढली. पोरांपैकी एकानं टाळी वाजवली.

डोमाजींनी विचार केला, आणि मान न हलवता दांडी परत दातांत घातली.

धम्मरत्ननं उघडलेलं तोंड मिटलं आणि तो थांबला.